सर्जावरची ताटली

डबल बेल मिळाल्याशिवाय ताटली हातातून सुटता कामा नये, हा पहिला नियम होता. बेल द्यायची म्हणजे मागं उभ्या असलेल्या माणसानं मोठ्यानं ‘टिंग टिंग’ म्हणायचं. मागं कुणीच नसेल तर फेकणाऱ्यानं स्वतःच म्हणायचं, पण मान मागं वळवून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. पोरांना गप्प बसवण्यात माझी हयात चाललेली. आणि पिंपरी पेंढारच्या एका टेकाडावर संध्याकाळी उभी राहून मी स्वतःच स्वतःला टिंग टिंग करायची, हे माझ्या सासरी अजून कुणाला माहीत नाही.

नियम आमच्या घरमालकांचा. माणूस एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. निम्मं आयुष्य माळशेज घाटात वर-खाली करण्यात गेलेलं, आणि निवृत्तीनंतरही अंगातला खाकी शर्ट उतरलेला नव्हता. गाव त्यांना ‘डायवर’ म्हणायचं, मी तात्या म्हणायची. हेकट, तापट, आणि आपलं सांगून झालं की समोरच्याचं ऐकायला न थांबणारा माणूस. मीही काही कमी नाही. पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली यावरून पहिल्याच आठवड्यात आमचं चांगलं वाजलं, आणि त्यानंतर जे जमलं ते आजपर्यंत.

तर हा ताटल्यांचा खेळ. त्याचं इंग्रजी नाव डिस्क गोल्फ. जेवणाच्या बशीएवढी, जराशी जड, प्लास्टिकची चकती असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, पडेल तिथं जाऊन पुन्हा फेकायची, आणि असं करत करत लांबच्या एका खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांवर मारायची. साखळ्यांना आपटून ती खालच्या टोपलीत पडली की तो खांब झाला, मग पुढचा. जितक्या कमी फेकी तितका खेळ चांगला. फेकीला तात्या ‘टप्पा’ म्हणायचे, कारण एसटीचं तिकीट टप्प्यावर असतं. “आज तांबडीला किती टप्पं लागलं?” असा प्रश्न पाहुण्याच्या कानावर पडला की तो माझ्याकडे काळजीनं बघायचा.

हा खेळ तात्यांना अमेरिकेत लागला. लेकीनं बाळंतपणाला म्हणून दोघांना बोलावून घेतलं होतं. बाळंतपण झालं, नात जरा मोठी झाली, आणि मग तात्यांना करायला काही उरलं नाही. ते स्वतः सांगायचे, “जावई हापिसात, लेक हापिसात, नात पाळणाघरात. आमी दोघं काचंच्या घरात. टीव्ही लावला तर एक अक्षर कळंना. मग म्या निघालो पायी.” पायी निघाले ते एका बागेत पोचले. तिथं माणसं ताटल्या फेकत होती. हात पाठीमागं बांधून तात्या रोज तिथं जाऊन उभे राहायचे, गावात क्रिकेटच्या मॅचला उभे राहतात तसे. शेवटी एका म्हाताऱ्यालाच राहवलं नाही. त्यानं काही न बोलता एक ताटली त्यांच्या हातात दिली.

“पण भाषेचं कसं करायचात?” मी एकदा विचारलं.

“भाषा कशाला लागती, बाई? ताटली झाडात ग्येली का तो त्याच्या भाषेत शिव्या द्यायचा, म्या माझ्या. दोघांलाबी कळायचं.”

निघताना त्या म्हाताऱ्यानं आपल्या ताटल्यांची पिशवीच यांच्या खांद्याला अडकवली. त्यातली एक जांभळी ताटली तात्या दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या बायकोला मात्र, म्हणजे काकींना, तो सगळा प्रकार शेवटपर्यंत पटला नाही. “लोकं तिकडनं सेंट आनत्यात, चाकलेटं आनत्यात,” त्या म्हणायच्या. “आमच्या मानसानं ताटल्या आनल्या. त्याबी धड जेवायच्या न्हाईत.”

घरामागं यांच्या वाट्याचं एक टेकाड होतं. मुरमाड, उतरणीचं, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांनी भरलेलं. कुळीथसुद्धा तिथं नीट यायचे नाहीत. तात्यांनी त्यावर नऊ खांब रोवले. खाली टोपली म्हणून कोंबड्या झाकायची बांबूची डालगी उलटी करून बसवली. साखळ्यांचा प्रश्न होता, तो गोठ्यात सुटला. पूर्वी यांच्या दावणीला भरपूर गुरं होती. ट्रॅक्टर आला, गुरं गेली, साखळ्या खुंटीला राहिल्या. त्यांनी ज्या जनावराची साखळी ज्या खांबाला लावली, त्या खांबाला त्याच जनावराचं नाव दिलं. पहिला खांब पवळी, मग तांबडी, मग हौशा, असं करत आठवी कपिली. आणि सगळ्यात वर, टेकाडाच्या डोक्यावरच्या खडकात, नववा सर्जा. सर्जा त्यांचा बैल. तो म्हातारा होऊन दावणीलाच गेला, त्याला बाजार दाखवला नाही, हे ते अभिमानानं सांगायचे.

सगळा खेळ तसा आटोपशीर. पहिल्या खांबापाशी खोकलं तर नवव्यापाशी ऐकू येईल एवढाच. पण सपाट म्हणावी अशी जागा त्यात एकच, कपिलीपाशी. बाकी सगळीकडे चढ नाहीतर उतार. हौशाला मारलेली ताटली जरा चुकली की काठावर उभी राहून गडगडत थेट खालच्या कांद्याच्या चाळीपर्यंत जायची, आणि आपण मुकाट्यानं खाली उतरून पुन्हा तिथूनच वर फेकत यायचं. खेळायच्या आधी तात्या प्रत्येक खांबाला एक लाथ घालून बघायचे, टायरला घालतात तशी. कुणी मोबाईल काढला की “उतरा” म्हणायचे. ओतूरकडची कॉलेजातली पोरं एकदा रील करायला आली होती. त्यांना चौथ्या खांबावर उतरवलं आणि खरोखरच खाली पाठवलं. आणि दिवस बुडायच्या आत गाडी डेपोत, यात तडजोड नाही. बिबट्या आमच्याकडे कुणाच्या गप्पांचा विषय नसतो, शेजारच्या उसात असतो. म्हणून चालताना मोठ्यानं बोलत राहायचं, हाही नियमच. तात्यांना तो सांगावा लागत नसे.

मी तिथं कशी पोचले, ते आता सांगायला हवं. माझ्या उजव्या बाजूला छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, पुढचे सगळे उपचार झाले. केस परत आले, जेवण जायला लागलं, डॉक्टर म्हणाले आता शाळेत जा. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. स्कूटी चालवता येईना म्हणून शाळेच्या गावातच खोली घेतली. मिस्टर चाकणला कंपनीत, ते रविवारी यायचे. गावात मी सांगितलं होतं की पडले, हात दुखावला. शाळेतल्या दोघांना सोडून खरं कुणाला माहीत नव्हतं.

त्या हाताचं मला सगळ्यात जास्त कुठं लागायचं, तर फळ्यापाशी. फळ्याच्या वरच्या पट्टीवर वार, दिनांक, सुविचार लिहायची आपली पद्धत. माझा हात तिथवर पोचायचा नाही. मग मी दिनांक फळ्याच्या मध्यावर लिहायला लागले. तिसरीचा वर्ग. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की सगळी पोरं वहीतही दिनांक पानाच्या मधोमध लिहितायत. वरचं निम्मं पान कोरं, मग दिनांक, मग अभ्यास. एकेक वही तपासताना मला रडू यायचं आणि हसूही. दवाखान्याचे कागद काही का म्हणेनात, त्या वह्या मला सांगायच्या की बाई अजून आजारीच आहे. तो हात त्या पट्टीपर्यंत जायला हवा होता. बाकी मला काही नको होतं.

तात्यांच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी उंच बांधलेली. पहिले दोन दिवस मी डाव्या हातानं कपडे दोरीवर भिरकावले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोरी माझ्या कमरेच्या जरा वर आलेली. मी काकींना विचारलं, तर म्हणाल्या, “वाऱ्यानं सैल झाली असंल.” दोन्ही टोकांना नवीन सुंभाच्या पक्क्या गाठी होत्या. ऑपरेशननंतर आतून घालायला दिलेला एक कपडा मी नेहमी टॉवेलखाली झाकून वाळत घालायची. तो काकींना कधी दिसला नाही, असा माझा समज होता.

पुढं एका संध्याकाळी टेकाडावरून एक ताटली आली ती थेट माझ्या निवडायच्या तांदळात. मी चिडून बाहेर आले आणि डाव्या हातानं ती तात्यांसमोर धरली.

“त्या हातानं नगं,” ते म्हणाले. “डावा हात गेअरचा. उजवा स्टेरिंगचा. उजव्यानं फेका.”

“दुखतो तो. वर जात नाही.”

“वर कुनी सांगितलं? बाजूनं फेका. चढ आला म्हनून कुनी गाडी डेपोत ठिवतं का?”

मला राग आला होता, म्हणून फेकली. ताटली जेमतेम तुळशीपर्यंत गेली. तात्यांनी ती उचलून आणली, माझ्या हातात दिली, आणि म्हणाले, “ही फर्स्ट गेअरात ग्येली. बेल कुनी दिली न्हाई, म्हनून धरत न्हाई. टिंग टिंग.”

पुण्याला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. आधी त्यांना मी काय म्हणते ते कळेना. मग हात कसा फिरवता ते करून दाखवायला सांगितलं, आणि म्हणाले, अवश्य खेळा, फक्त हिसका देऊ नका. मी ते तात्यांना सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की चहा घेऊन टेकाडावर जायला लागले. मी काही खेळाडू नाही. पवळीला सुरुवातीला मला इतके टप्पे लागायचे की तात्या मोजणं सोडून तंबाखू मळायला बसायचे. शिकवायची त्यांची पद्धत गाडीचीच. ताटली शेवटी डावीकडं वळते, याचा मला वैताग यायचा. ते म्हणायचे, “गाडी डावीकडं वढती ना? वढू द्या की. तिच्याशी भांडू नका. रस्ता उजवीकडनं धरा.” कपिलीच्या सपाटीवर आम्ही दम खायचो. हवा स्वच्छ असली की तिथून लांबवर, खोडदच्या अंगाला, रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या छत्र्या दिसायच्या. “त्या बगा सरकारी ताटल्या,” तात्या म्हणायचे. “कवाधरनं हातात धरून उभी हायती. बेलच दीना कुनी.”

त्यानंतर सर्जाचा देव झाला.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप आमच्याकडून माळशेजवाटे कोकणात उतरतात. त्या वर्षी त्यांच्यातल्या एका कुटुंबानं टेकाडाच्या पायथ्याला मेंढ्या बसवल्या. त्यांच्यातली म्हातारी मेंढरामागं वर गेली, आणि तिला खडकावर खांब आणि त्याला लोंबणारी जाड साखळी दिसली. आपल्याकडे खंडोबाची साखळी, लंगर, कुणाला माहीत नाही? तिनं ओळखलं की हे ठाण आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो तर सर्जा भंडाऱ्यानं पिवळाधमक, आणि डालग्यात खोबऱ्याचा तुकडा.

आता तात्या पेटणार, असं मला वाटलं. तात्यांनी खोबऱ्याचा तुकडा उचलून बघितला, परत होता तिथं ठेवला. मग म्हणाले, “आता हे पुसायचं कसं? तिनं मनापासनं वाह्यलंय. आन् पुसायचं नसंल तर ताटली मारायची कशी?” दोन दिवस त्यांनी विचार केला. नंतर निर्णय जाहीर झाला. सर्जापाशी पायताण काढायचं. जवळ जाऊन देवाच्या डालग्यात ताटली कोंबायची नाही. खालच्या सपाट दगडावर अनवाणी उभं राहून तिथूनच वर मारायची. तीन टप्पे मिळतील. नाही लागली तर त्या दिवशी सर्जा चुकला, गपचूप घरी जायचं.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? पुढच्याच आठवड्यात एका बाईनं लेकाच्या पोलीसभरतीसाठी खांबाला खण बांधला. तात्या तिच्यावर खेकसलेच. “आगं, पोराला पळाय लाव रोज! नवसानं पंक्चर निघतं का? म्या इतकी वर्सं गाडी चालवली. पंक्चर झालं तर जॅक लावावा लागतो.” तिनं खण सोडला नाही, आणि यांनीही नंतर तो काढला नाही. पण नवस म्हटलं की पंक्चरचं वाक्य ठरलेलं, ते मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं.

त्याच सुमारास तात्यांनी सर्जावर खेळणं सोडलं. आठ खांब माझ्याबरोबर खेळायचे, आणि कपिलीपाशी दगडावर बसकण मारायचे. “माझी ड्यूटी हितं संपली. तुमी जावा वर, म्या हितनं बेल देतो.” मला वाटलं गुडघे दुखत असतील. कधी वाटलं, देवावर ताटली मारायला बिचकतायत आणि कबूल करत नाहीत. मी चिडवायचीही. ते तंबाखू थुंकून दुसरीकडं बघायचे. खांद्याच्या पिशवीत ताटल्यांबरोबर काहीतरी जड असायचं, चालताना बदबद आपटायचं. काय आहे विचारलं तर म्हणायचे, “टूलकीट.”

आणि मी रोज अनवाणी त्या दगडावर उभी राहायची. सर्जा आपल्या डोक्याच्या चांगला वर. बाजूनं फेकलेली ताटली खडकावर आपटून परत यायची. तिथवर पोचायचं तर हात खांद्याच्या वर उघडायला हवा, आणि तो नेमका तिथंच अडकायचा. जो हात फळ्यापाशी अडायचा तोच सर्जापाशी. खालून बेल यायची, मी तीन ताटल्या मारायची, चपला घालून खाली उतरायची. तात्यांनी कधी विचारलं नाही लागली का. साखळीचा आवाज आला असता तर कळलंच असतं.

उन्हाळ्यापर्यंत हात बराच सुटला. एक दिवस कपड्यांची दोरी वर गेलेली दिसली, खांद्याच्या पातळीला. मी काकींना म्हटलं, आता ही कुणी वर केली? “म्हशीच्या शिंगात अडकती,” काकी म्हणाल्या. त्यांच्याकडे म्हैस नव्हती.

पण पावसाळ्यात कशानं तरी त्याच हाताला साधी जखम झाली, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या असल्यानं तो सुजला. मनगटापासून दंडापर्यंत जड, गरम. पुण्याच्या फेऱ्या, औषधं, हातावर घट्ट बाही. फेकणं बंद. सूज उतरली तोवर हात होता त्याहून खाली आला होता. आता हा कायमचा असाच, असं मी मनाशी धरून टाकलं. मी दार लावून घेऊन बसायला लागले. तात्या रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसायचे. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, देवाची कृपा. एक ताटली दारातून आत सरकवायचे. “फेकू नका. निस्ती धरा. न्यूट्रलमदी ऱ्हाऊ द्या.” मी ती मांडीवर धरून बसायची, आणि ते बाहेरून मला घाटातल्या बंद पडलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. एकेक गोष्ट इतकी लांब, की शेवटी मीच विचारायची, “मग झाली का चालू?” प्रत्येक गाडी चालू व्हायचीच. एक तरी भंगारात गेली असेल की, पण ती त्यांनी मला सांगितली नाही.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा टेकाडावर गेलो. गवत कमरेइतकं झालेलं, ते त्यांनी विळ्यानं वाटेपुरतं कापून ठेवलं होतं. पुन्हा पवळीपासून, पुन्हा फर्स्ट गिअर. थंडी पडायला लागली. धनगर त्यांच्या वेळेवर आले, म्हातारी वर जाऊन नवा भंडारा वाहून गेली. त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी दगडावर उभी राहिले. दोन ताटल्या खडकावर आपटून परत आल्या. तिसऱ्या वेळी खालून टिंग टिंग आलं, आणि मी हात उघडला. अडला नाही. दुखलं, पण अडला नाही. साखळी खळ्ळकन वाजली, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा उडाला, आणि ताटली डालग्यात पडली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.  मग खालून पावलं ऐकू आली. तात्या चढून येत होते, धापा टाकत, अनवाणी, हातात ती जांभळी ताटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दगडावर उभे राहिले आणि वाट बघायला लागले.

“बेल द्या की, बाई.”

“टिंग टिंग,” मी म्हटलं. 

ताटली सर्जाच्या कितीतरी वरून गेली, टेकाडापलीकडं, कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत. तात्या हसले. असं मोठ्यानं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक नारळ काढला. हलवला तर आत खडखड वाजत होतं. खडकावर आपटून फोडला. पाण्याचा थेंब नाही, आतून अख्खा खोबऱ्याचा गोटा निघाला. त्यांनी एक तुकडा साखळीखाली ठेवला, खांबावरचा भंडारा दोघांच्या कपाळाला लावला, आणि एक तुकडा मला दिला. “खावा,” एवढंच म्हणाले.

खरा प्रकार खाली उतरल्यावर काकींनी सांगितला. आमच्या कपाळावरचा भंडारा बघितला आणि म्हणाल्या, “फिटला का येकदाचा? वरीस झालं, त्या पिशवीला हात लावू दिला न्हाई मला.” काय फिटला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. “तुमचा हात वर जाईस्तवर सर्जाला ताटली लावनार न्हाई, असं बोलले व्हते ते. मागल्या वर्षी, धनगरीन भंडारा वाहून ग्येली तवाच. म्या सांगितलं व्हतं त्येंला, बाईंचं दुखनं पडन्याचं न्हाई म्हनून. दोरीवरनं कळतंय की बाईमानसाला.”

तात्या ओट्यावर पाय धूत होते, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. मला रडू आवरत नव्हतं, आणि रडताना मी भांडतेच.

“तात्या, तुम्हीच म्हणायचात ना, नवसानं पंक्चर निघत नाही?”

“न्हाईच निघत,” ते म्हणाले. “पंक्चर तुमी काढलं. म्या आपला गाडीपाशी थांबलो व्हतो.”

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या वरच्या पट्टीवर वार आणि दिनांक लिहिला. अक्षर वाकडं आलं. वर्गात कुणीतरी म्हणालं, “बाई, दिनांक वर ग्येला!” आणि सगळ्यांनी नवं पान काढलं.

पुढं बदली झाली. आता मी कळंबला, घरच्यांत. स्कूटी चालवते. हात सगळा वर जातो असं नाही, थंडीत ओढ बसते, पण फळा पुरतो. सुट्टीत टेकाडावर जाते, अजूनही वाईटच खेळते. तात्यांचे गुडघे आता खरोखरच दुखतात, तरी कपिलीपर्यंत येतात. त्या माणसानं मला औषध दिलं नाही, उपदेश केला नाही, माझं दुखणं एकदाही तोंडानं उच्चारलं नाही. माझ्या जन्मात एवढं मला फार थोड्यांनी दिलंय, आणि मागितल्याशिवाय तर कुणीच नाही. हे त्यांना तोंडावर सांगायला गेले तर ते मला मधल्याच खांबावर उतरवतील, म्हणून इथं लिहिलं.

तपासणी अजून चालू आहे. दर सहा महिन्यांनी पुण्याला जायचं, मशिनखाली झोपायचं, आणि मग बाहेर बाकावर बसून नाव पुकारायची वाट बघायची. ते बसणं मला अजून जमत नाही. मिस्टर शेजारी असतात. नाव पुकारलं की मी उठायच्या आधी पिंपरी पेंढारला फोन लावते. तात्या पहिल्याच रिंगला उचलतात, त्या दिवशी फोन हातातच घेऊन बसलेले असतात, हे काकींनी मला सांगितलंय.

“तात्या, आत जातेय.”

काय झालं, कसं होईल, घाबरू नका, यातलं काही नाही. पलीकडं घसा खाकरल्याचा आवाज येतो. मग सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं,

“टिंग टिंग.”

आणि मी दार ढकलते.